'सबस्ट्राटा' म्हणजे नेमके काय? मराठीत कोणता शब्द वापरावा?

मराठीत 'अधःस्तर' म्हणा. वर दिसणाऱ्या थराखाली असलेला आणि त्या थराला आधार देणारा किंवा त्याच्यावर परिणाम करणारा थर, असा त्याचा अर्थ. अर्थाचा दुसरा भाग, म्हणजे आधार किंवा परिणाम, सोडला की शब्द चुकतो. नुसत्या खालच्या बाजूला 'तळ' पुरतो, बांधलेल्या आधाराला 'पाया'. पाया ज्यावर टेकतो तो अधःस्तर. तो आधीपासूनच तिथे असतो.

मूळ लॅटिन शब्दाचे एकवचन 'सबस्ट्राटम', अनेकवचन 'सबस्ट्राटा'. त्यामुळे 'सबस्ट्राटाज' लिहू नका. बांधकामाआधीच्या भूस्तर तपासणीत हे अनेकवचन खरोखर लागते, कारण वर कडक आणि खाली मऊ चिकणमाती असे थर सापडू शकतात.

माझ्या मते या शब्दाचा सर्वांत रंजक वापर भाषाशास्त्रात आहे. एखादा समाज आपली भाषा सोडून दुसरी स्वीकारतो, तेव्हा जुन्या भाषेचे उच्चार आणि वाक्यरचनेच्या सवयी नव्या भाषेत उतरतात. ती जुनी भाषा म्हणजे अधःस्तर. मराठीत 'आम्ही' म्हटले तर ऐकणारा वगळला जातो, 'आपण' म्हटले तर तोही त्यात येतो. हा भेद अनेक अभ्यासक द्राविडी अधःस्तराचा परिणाम मानतात. इथे हमखास होणारी गफलत म्हणजे प्रत्येक उसन्या शब्दाला अधःस्तराचा पुरावा समजणे. अर्ज, फौज, दरवाजा हे शब्द राज्यकर्त्यांच्या फारसीतून आले. तो वरून पडलेला प्रभाव, म्हणजे 'अधिस्तर'.

रसायनशास्त्रात मात्र जपून. विकर (एन्झाइम) ज्या पदार्थावर क्रिया करते त्याला 'सबस्ट्रेट' म्हणतात. तिथे थराचा संबंध नाही, म्हणून 'अधःस्तर' चालणार नाही.

लिहिताना 'अधोस्तर' नको. विसर्गाचा 'ओ' अधोगती, अधोमुख यांसारख्या शब्दांत मृदू व्यंजनापुढे होतो. 'स' कठोर आहे, त्यामुळे विसर्ग टिकतो. अनेकवचनही 'अधःस्तर'च, प्रत्यय लागला की 'अधःस्तरांमध्ये'. टंकताना विसर्गाचेच चिन्ह वापरा. अपूर्णविरामाची दोन टिंबे दिसायला तशीच असली, तरी संगणक त्यांना वेगळे अक्षर समजतो आणि शोधात तो शब्द सापडत नाही.