बेळगावकडे मुलांना जुनं, अजून चालतं शेत दाखवायचंय. कधी, काय बघावं?

डिसेंबर-जानेवारीत या. निपाणी-संकेश्वर पट्ट्यात तेव्हा ऊसतोड जोरात असते. ओळखीतल्या कुणाच्या मळ्यात गूळ करायचं पिढीजात गुऱ्हाळ असेल तर तेच गाठा. बैलांनी विहिरीचं पाणी ओढायची मोट कधीच गेली, पण जुन्या विहिरीवर तिची धाव, म्हणजे बैलांची उतरती वाट, दिसली तर पोरांना जरूर दाखवा.

खरी मजा गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी, म्हणजे मोठ्या भट्टीपाशी. खाली पिळलेल्या उसाच्या चिपाडाचा जाळ, वर मोठ्या काहिलीत खदखदणारा रस, त्यात भेंडीचं चिकट पाणी पडलं की रसातली घाण, म्हणजे मळी, फेसासारखी वर येते. आमची धाकटी तासभर हलली नाही. मात्र तिथं आणि ऊस पिळायच्या चरकाजवळ पोरांचा हात सोडू नका. मालकाला आधी फोन करा, आणि काकवीसाठी, म्हणजे पातळ गुळासाठी, स्टीलचा डबा न्या. आम्ही प्लास्टिकची बाटली नेली, ती गरम काकवीनं पार वाकडी झाली.