बॉलचा अंदाज फ्लिपरपाशीच घ्या

कॅमेऱ्याने बॉल पाहून पिनबॉल आपोआप खेळणारं यंत्र बनवत असाल, तर अख्ख्या टेबलावरचा बॉलचा प्रवास आधीच काढायच्या भानगडीत पडू नका. बंपरला, म्हणजे बॉल उडवून लावणाऱ्या खुंटाला, बॉल केसभर इकडेतिकडे लागला तरी दिशा पार बदलते. दोन-तीन धडकांनंतर गणित टिकतच नाही. खरी गरज असते ती फ्लिपरच्या, म्हणजे बॉल वर टोलवणाऱ्या दांड्याच्या, वरच्या वीतभर जागेत.

तिथलं सूत्र सोपं आहे. टेबलाला साधारण 6.5 अंशांचा उतार असतो. बॉल नुसता घसरत नाही, घरंगळतो, म्हणून उतारावरच्या त्वरणाला 5/7 ने गुणायचं. उत्तर येतं सुमारे 0.8 मीटर प्रति सेकंद वर्ग. मी हा 5/7 विसरलो होतो, तेव्हा संथ बॉलवर फ्लिपर दर वेळी आधीच उडायचा.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो विलंबाला. कॅमेरा सेकंदाला 60 फ्रेम घेत असेल, तर एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत जवळपास 17 मिलिसेकंद जातात. सेकंदाला 3 मीटर वेगाचा बॉल तेवढ्यात 5 सेंटिमीटर पुढे निघून जातो, आणि बॉल स्वतः जेमतेम 27 मिलिमीटरचा! सॉलेनॉइडचा, म्हणजे फ्लिपर हलवणाऱ्या विद्युतचुंबकाचा, वेळ त्यात वेगळा. तो मनाने धरू नका. सिग्नल दिल्यापासून फ्लिपर हलेपर्यंतचा वेळ मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये मोजा.

काल्मन फिल्टर, म्हणजे कमी-जास्त चुकणाऱ्या मोजमापांतून बॉलची जागा आणि वेग यांचा अंदाज काढणारी गणिती पद्धत, त्यानंतर लावा. बॉल कशावरही आपटला की त्यातला जुना वेग मात्र लगेच टाकून द्या.