पिक्चर बघायला आणि बॅकअपला घरी कोणता नॅस घ्यावा? बजेट ४० हजार, दुकानदार चार डिस्कचा घ्या म्हणतोय

तुम्ही लिहिलंय की घर परभणीला, मुलगा पुण्याला, घरात तीन-चार मोबाईल न एक लॅपटॉप, सगळ्यांचं गूगलचं स्टोरेज फुल झालंय, वरून भरपूर पिक्चर आणि लग्नाच्या जुन्या डीव्हीड्या कॉपी करून ठेवल्यात त्या टीव्हीवर बघायच्यात. मी इकडं कॉम्प्युटर न सीसीटीव्हीचीच कामं करतो, लोकांच्या घरी नॅसचे हे डबे (राउटरला जोडून घरातल्या सगळ्यांनी वापरायची डिस्कांची पेटी) बसवून देतो, तर थेट सांगायलो: चार डिस्कचा नका घेऊ. दोन डिस्कचा साधा घ्या आणि वाचलेला पैसा युपीएस आणि एका वेगळ्या बॅकअप डिस्कमध्ये घाला. दुकानदाराला मार्जिन डब्यात असतं, तुमचं नुकसान डेटा गेल्यावर असतं, एवढाच फरक.

आधी पिक्चरचं. लोकांना वाटतं ४के बघायचं म्हणजे नॅसला भारी प्रोसेसर पाहिजे. टीव्हीला फाईल जशीच्या तशी चालत असली तर नॅसला काहीच काम नसतं, तो नुसती फाईल पुढं ढकलतो. हिशोब बघा, दोन तासाचा ८ जीबीचा पिक्चर म्हणजे सेकंदाला ९ मेगाबिटच्या आसपास, आणि नॅसची साधी गिगाबिट लाईन १००० मेगाबिटची. प्रोसेसर लागतो तो टीव्हीला फाईल कळत नाही म्हणून नॅसनं ती चालू असतानाच बदलून द्यायची तेव्हा, त्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. मुलगा पुण्यात बसून मोबाईलवर बारीक नेटनं घरचा पिक्चर बघणार असेल तरच ते रोज लागेल, आणि मग इंटेलचा प्रोसेसर असलेला डबा बघा, कारण त्यात व्हिडिओ बदलायचं हार्डवेअर आत असतं. आणि नॅसवरून पिक्चर दाखवायची सॉफ्टवेअर असतात, त्यातल्या प्लेक्समधे ते हार्डवेअर वापरायला पैसे भरून पास घ्यावा लागतो, जेलीफिन फुकट आहे. पण घरातल्या घरात बघायचं असलं तर अँड्रॉइड टीव्हीवर कोडी नाहीतर व्हीएलसी ॲप टाका, नॅसचा फोल्डर थेट उघडतो, सर्व्हरची भानगडच नाही.

अडचण होते ती दोन ठिकाणी. तुमच्या डीव्हीडीच्या फाईली व्हीओबी असतील, त्या बऱ्याच टीव्हीला नीट चालत नाहीत, चालल्या तरी हलताना चित्राला कंगव्यासारख्या रेघा दिसतात. त्या लॅपटॉपवर हँडब्रेक सॉफ्टवेअरमधे टाकून डीइंटरलेस (त्या रेघा घालवायचं सेटिंग) चालू ठेवून एकदाच एमपी४ करून घ्या, रात्री लावून झोपा, सकाळपर्यंत बऱ्याच होतात. मूळ व्हीओबी मात्र डिलीट नका करू, बदललेली कॉपी कधीच मूळाइतकी नसते. दुसरं म्हणजे आवाज, चित्र दिसतंय पण आवाज नाही असं झालं तर त्या फाईलचा साउंड डीटीएस प्रकारचा आहे असं समजा, सॅमसंगनं २०१८ पासून टीव्हीतून तो काढलाय. नॅसचा दोष नसतो, लोक उगाच डबा बदलायला निघतात.

वायफायचं एक सांगतो. जुना वाडा असेल, दगडी भिंती आणि वर माळवद, तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पलीकडच्या खोलीत जाईपर्यंत मरतं. राउटरपासून टीव्हीपर्यंत कॅट ६ ची वायर ओढून घ्या, रिपीटरवर पैसे घालू नका. फक्त एवढं लक्षात असू द्या की बऱ्याच टीव्हीचा लॅन पोर्ट १०० मेगाबिटचाच असतो, नेहमीच्या पिक्चरला तेवढा बास, ब्लू-रेवरून जशाच्या तशा काढलेल्या ४के फाईलला मात्र कधीकधी कमी पडतो.

आता बॅकअप, खरा मुद्दा हाच. नॅसमधे दोन डिस्क टाकून मिरर केलं, म्हणजे रेड १, की लोक म्हणतात झाला बॅकअप. नाही झाला. घरातल्या पोरानं फोटोंचा फोल्डर उडवला की दोन्ही डिस्कवरून त्याच सेकंदाला उडतो, व्हायरसनं फाईली लॉक केल्या तर दोन्हीकडं लॉक. मिररनं एवढंच होतं की एक डिस्क मेली तर नॅस बंद पडत नाही, काम चालू राहतं. घरच्या माणसाला तेवढी घाई कशाला असते, दुकान थोडंच आहे. म्हणून पैसे कमी पडत असतील तर मी सांगीन की नॅसमधे एकच डिस्क टाका आणि एक यूएसबी एक्स्टर्नल डिस्क घेऊन तिच्यावर रोज रात्री आपोआप बॅकअप लावा, मिरर पुढच्या दिवाळीला करा. दोन डिस्क मिररमधे आणि बाहेर कॉपी काहीच नाही, यापेक्षा हे कधीही बरं. बऱ्याच जणांना हे पटत नाही, पण डेटा परत काढायला माझ्याकडं येणाऱ्यांत मिररवाले पण असतात. बॅकअप लावला की आठवड्यानं त्यातून एखादा फोटो परत काढून, उघडून बघा, लाईट हिरवा दिसतो म्हणजे फाईल चांगली आहे असं नसतं. पिक्चरचा बॅकअप नाही घेतला तरी चालतंय, ते परत मिळतात. फोटो, लग्नाचे व्हिडिओ, सातबारा-खरेदीखताचे स्कॅन एवढंच बाहेर ठेवा, डिस्क छोटी लागते.

तिसरी कॉपी पुण्याला. आपल्या घरच्या लाईनचा अपलोड ५० मेगाबिट धरला तरी १ टीबी जायला जवळपास दोन दिवस सलग लागतात, आणि इथं लाईट न नेट दोन दिवस सलग राहील याची गॅरंटी कोण देणार. त्यापेक्षा पहिली पूर्ण कॉपी घरीच वायरवर काढा, पासवर्ड टाकून एन्क्रिप्ट करा, आणि मुलगा सणाला आला की डिस्क त्याच्या बॅगेत घाला. पुढच्या सणाला ती परत आणायची, नवीन भरायची. मुलाला तिकडून फोटो बघायचे असतील तर टेलस्केल ॲप टाका (बाहेरून घरच्या नॅसपर्यंत खाजगी वाट करून देतं), घरगुती वापराला फुकट आहे. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँडला स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचायचा इंटरनेटवरचा पत्ता) नसतोच, एकाच आयपीमागं कितीतरी घरं असतात, त्यामुळं राउटरमधे पोर्ट उघडून, म्हणजे नॅसला बाहेरून थेट वाट देऊन, काही होत नाही, आणि होत असलं तरी करू नका. २०२१ च्या एप्रिलमधे क्यूलॉकर आणि २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट हे व्हायरस आले तेव्हा इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या क्यूनॅप कंपनीच्या डब्यांतल्या फाईली लॉक करून लोकांकडं बिटकॉइन मागितले होते. २०२१ च्याच जूनमधे वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या माय बुक लाईव्ह डिस्का बाहेरूनच रिकाम्या केल्या होत्या, लोक सकाळी उठले तर डिस्क कोरी.

डिस्क कोणती? सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली) आहे का विचारा, एसएमआर नको. एसएमआरमधे ट्रॅक कौलासारखे एकावर एक चढवलेले असतात, जुनं बदलून लिहायचं म्हटलं की शेजारचंही परत लिहावं लागतं, आणि मिरर परत बांधताना ती रडते. २०२० मधे वेस्टर्न डिजिटलच्या रेड डिस्कवरून याच्यावर मोठा गोंधळ झाला होता, तेव्हापासून रेड प्लस घ्यायची, नाहीतर सीगेटची आयर्नवुल्फ. इकडं जिल्ह्याच्या दुकानात सीसीटीव्हीमुळं जांभळ्या डिस्काच जास्त पडून असतात आणि तीच गळ्यात मारतात, चालते ती, अगदीच वाईट नाही, पण कॅमेऱ्याचं सारखं रेकॉर्डिंग डोळ्यासमोर ठेवून बनवलीय, त्याच पैशात रेड प्लस मिळत असली तर ती मागवा. ४ टीबीची डिस्क लावल्यावर ३.६ च्या आसपास दिसेल, भांडायला जाऊ नका, मोजायची पद्धत वेगळी आहे.

लाईटचं तर तुम्हाला मी काय सांगावं. घरचा इन्व्हर्टर आहे म्हणून युपीएस नको असं समजू नका. एक तर लाईट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या झटक्यात नॅस रीस्टार्ट होऊ शकतो (मागं बटन असतं ते नॉर्मलवरून युपीएस मोडवर करा, बराच फरक पडतो), आणि दुसरं, इन्व्हर्टरची बॅटरी संपत आलीय हे नॅसला कोण सांगणार, तो चालता चालता बंद पडतो आणि लिहिणं अर्धवट राहतं. ज्याला यूएसबीचा डेटा पोर्ट आहे असा छोटा युपीएस घ्या, ती वायर नॅसला जोडली की बॅटरी खाली आल्यावर नॅस स्वतःच नीट बंद होतो. स्वस्तातल्या बऱ्याच ६०० व्हीएच्या युपीएसला हा पोर्ट नसतो, विचारून घ्या. राउटरही त्याच युपीएसवर घ्या.

आणि जागा. परभणीचा मे महिना, त्यात पत्र्याखालचा पोटमाळा, तिथं वायर दिसत नाही म्हणून लोक नॅस ठेवतात आणि डिस्क पन्नाशीच्या वर तापते. खालच्या खोलीत, भिंतीपासून वीतभर पुढं ठेवा. कूलरच्या वाऱ्यात तर बिलकूल नको, बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर कूलरच्या जाळीवर बघता ना, तोच ओलावा न खार नॅसचा पंखा आत ओढतो, दोन उन्हाळ्यांत पंख्याची पाती चिकट होतात.

कंपनीचं थोडक्यात. मोबाईलचे फोटो आपोआप खेचायचं ॲप सिनॉलॉजीचं सोपं आहे, घरच्या बायामाणसांना परत परत शिकवावं लागत नाही, म्हणून मी तेच बसवतो. पण युट्यूबचे जुने व्हिडिओ बघून घेऊ नका, त्यांनी २०२४ मधे व्हिडिओ स्टेशन हे पिक्चर बघायचं ॲप काढून टाकलं, आणि २०२५ च्या प्लस मॉडेलना सिनॉलॉजीच्याच डिस्का लागतील अशी अट घातली होती ती त्याच वर्षी ऑक्टोबरमधे सैल केली, त्यामुळं ते मॉडेल घेतलं तर आधी सॉफ्टवेअर अपडेट करा. जुना पीसी पडलाय त्याचाच नॅस करू का, असं विचाराल तर करता येतो, पण ६० वॉट चोवीस तास म्हणजे महिन्याला ४३ युनिट, दोन डिस्कचा डबा २० वॉटमधे १४-१५ युनिटात भागवतो.

दर सारखे वरखाली होतात म्हणून आकडा देत नाही. टीव्हीचं मॉडेल आणि इन्व्हर्टर साइनवेव्ह आहे का साधा, एवढं लिहा, मग युपीएस कोणता ते सांगतो.