गिअरबॉक्स बदललाय, आता सर्व्हेअरला काय सांगायचं?

प्रश्न : आमच्या गाडीचं पंधरावं वर्ष चालू आहे. ती मुळात ऑटोमॅटिक. गेल्या वर्षी गिअरबॉक्स निकामी झाला आणि त्याचे भाग मिळेनात, म्हणून ओळखीच्या मेकॅनिकने त्याच मॉडेलच्या भंगारातल्या गाडीचा मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच आणि पेडल बसवून दिलं. मागच्या आठवड्यात मुलाने उभ्या गाडीची चावी फिरवली. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. ती झटक्यात पुढे गेली आणि समोर लावलेल्या दुचाकीवर आदळली. कुणाला लागलं नाही, पण आमचा रेडिएटर फुटला आणि दुचाकीचं बरंच नुकसान झालं. विमा कंपनीचा सर्व्हेअर येणार आहे. मेकॅनिक म्हणतो, "गाडी पहिल्यापासून मॅन्युअलच होती असं सांगा, कोण बघतंय?" पण आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) मॉडेलच्या नावापुढे 'एटी', म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन, असं लिहिलेलं आहे. मुलगा ऑटोमॅटिकवरच शिकला, तर त्याचा परवाना चालेल का? पाच महिन्यांनी नोंदणीची मुदतही संपते आहे. काय करावं? की गाडी विकूनच मोकळं व्हावं?

उत्तर : सर्व्हेअर येण्याआधी हे उत्तर तुमच्या हाती पडावं, अशी माझी इच्छा आहे. कारण तुमच्या प्रकरणात आजवर जे झालं ते निस्तरता येण्यासारखं आहे. मेकॅनिकचं ऐकून क्लेम फॉर्मवर खोटं लिहिलंत, तर ते निस्तरणं फार अवघड जाईल.

सर्व्हेअर आरसी मागणारच. त्यावर एटी आहे आणि गाडीत क्लचचं पेडल आहे. हे कळायला त्याला बॉनेटसुद्धा उघडावं लागणार नाही. शिवाय चासी नंबरावरून गाडी कुठल्या गिअरबॉक्ससह बाहेर पडली हे उत्पादकाकडून कळू शकतं. आज बदल दडवल्याचा आक्षेप येईल, त्यावर बाजू मांडायला जागा आहे. पण पैसे मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटं निवेदन दिलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा आरोप होऊ शकतो, आणि सही मेकॅनिकची नसेल, तुमची असेल. म्हणून सर्व्हेअरने विचारायच्या आधी तुम्हीच एका कागदावर लिहून द्या : गिअरबॉक्स कधी बदलला, कुणी बदलला, का बदलला. त्याची पोच घ्या.

आता क्लेमचं काय होईल? तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचा, म्हणजे ओन डॅमेजचा दावा कमजोर आहे, हे स्पष्ट सांगते. पॉलिसीच्या अटीचा भंग झाला म्हणजे सगळा दावा बुडालाच असं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका चोरीला गेलेल्या खासगी गाडीच्या प्रकरणात म्हटलं होतं की ती भाड्याने वापरली जात असली, तरी त्या भंगाचा चोरीशी संबंध नाही. म्हणून कंपनीने 'नॉन-स्टँडर्ड' तत्त्वावर ७५ टक्के रक्कम द्यावी, हा निकाल कायम राहिला. तुमच्याकडे मात्र भंगाचा आणि अपघाताचा थेट संबंध आहे. गिअरबॉक्स बदलला नसता तर गाडी अशी उडाली नसती, हे कंपनीचा वकील दोन वाक्यांत मांडेल. तरी ७५ टक्क्यांची मागणी लेखी करून ठेवा. नकार आला तर तो कारणांसह लेखी घ्या, म्हणजे विमा लोकपालाकडे जायचा मार्ग खुला राहतो. पॉलिसीचं शेवटचं नूतनीकरण बदलाच्या आधी झालं की नंतर, ही तारीखही काढून ठेवा. आधी झालं असेल तर निदान त्या दिवशी तुम्ही काही लपवलं नव्हतं.

दुचाकीवाल्याचं नुकसान हा वेगळा विषय आहे, आणि तिथे तुमची बाजू बरी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १५० मध्ये तिऱ्हाइताच्या दाव्याविरुद्ध कंपनीला घेता येणारे बचाव मोजून दिले आहेत. गाडीत बदल केला, हा त्यात स्वतंत्र बचाव नाही. महत्त्वाची माहिती दडवून पॉलिसी घेतली, हा मात्र आहे, म्हणून पुन्हा ती नूतनीकरणाची तारीख. एक सावधगिरी बाळगा. शेजारधर्म म्हणून दुचाकीवाल्याला लगेच पैसे देऊ नका, की 'चूक आमचीच' असं लिहूनही देऊ नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, अशी अट मोटार पॉलिसीत असते. आधी कंपनीला कळवा. कंपनी हात वर करणार असं दिसलं, तर स्वतः भरपाई द्या आणि 'पूर्ण व अंतिम' अशी पावती घ्या.

मुलाच्या परवान्याची काळजी सोडा. अधिनियमाच्या कलम १० मध्ये हलकं मोटार वाहन हा एकच वर्ग आहे. ऑटोमॅटिक आणि मॅन्युअल असा फरक त्यात नाही. गिअरची आणि बिनगिअरची असा भेद कायद्याने फक्त दुचाकीत केला आहे. परवान्यावर अपंग व्यक्तीसाठी अनुकूल केलेल्या वाहनाची खास नोंद असती, तर वेगळं बोलावं लागलं असतं.

आता मूळ दुखण्याकडे येते. कलम ५२ म्हणतं की आरसीतला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा इंधनबदलाच्या किटला परंतुकात वाट ठेवली आहे, गिअरबॉक्सला नाही. २०१९ च्या जानेवारीत, केरळमधून वर आलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडक वाचलं : उत्पादकाच्या मूळ तपशिलाला हात लावायचा नाही, आरसीतल्या इतर नोंदी नियमांनुसार बदलता येतील. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. त्याच्या पोटकलम (४) प्रमाणे परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आरसीत गिअरबॉक्ससाठी वेगळा रकाना नसतो. इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, इंधन, आसनं, वजन असतं. त्यामुळे 'गिअरबॉक्स हा आरसीतला तपशीलच नाही' असा युक्तिवाद करता येतो, आणि दुसऱ्या एखाद्या गाडीसाठी मी तो हिरिरीने मांडला असता. तुमच्या आरसीवर मॉडेलच्या नावातच एटी आलं आहे. ती दोन अक्षरं तुमच्या विरुद्ध जातात.

तरी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. तुमच्या मॉडेलची, त्याच इंजिनाची मॅन्युअल आवृत्ती त्याच कंपनीने विकली होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ खाली प्रत्येक नमुना वाहन चाचणीतून जातं, म्हणजे ती मॅन्युअल आवृत्तीही तपासलेली आहे. पण भंगारातून आणून बसवलेला गिअरबॉक्स, अर्धवट जोडलेलं जुनं वायरिंग आणि ऑटोमॅटिकसाठी बसवलेला संगणक, अशी तुमची गाडी कुणीच तपासलेली नाही.

पत्रासोबतचे तुमचे फोटो मी मोठे करून पाहिले. ऑटोमॅटिक गाडीत स्टार्टर फक्त पी (पार्क) किंवा एन (न्यूट्रल) वर चालतो, कारण मध्ये एक स्विच असतो. तुमच्या मेकॅनिकने त्या स्विचच्या दोन वायरी सोलून एकमेकींना पिळल्या आहेत आणि वर काळी टेप गुंडाळली आहे. त्यामुळे गाडी कुठल्याही गिअरमध्ये चावीला दाद देते. मागे जातानाचा पांढरा दिवा लागत नाही असं तुम्ही लिहिलंय, त्याची वायरही बहुधा त्याच स्विचमधून जात होती. नूतनीकरणाच्या तपासणीत तो दिवा लगेच नजरेत येईल.

मेकॅनिकविरुद्धची तक्रार याच वायरींवर उभी राहते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सेवेतल्या त्रुटीची तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत, तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. 'त्याने बेकायदा बदल करून दिला' असं मात्र लिहू नका. तो बदल तुम्हीच सांगितला होता, आणि दोघं सारखेच दोषी असतील तर आयोग तुमच्यासाठी धावून येणार नाही. 'सुरक्षेचा स्विच मला न सांगता बंद केला' हे लिहा. तो म्हणेल की पुष्कळ जुन्या मॅन्युअल गाड्यांत असा स्विच नसतोच. ते खरं आहे. पण तुमच्या गाडीत होता, तो निकामी केला गेला आणि गाडी गिअरमध्ये असतानाही चालू होईल हे त्याने सांगितलं नाही. यावर एका दुसऱ्या गॅरेजचा लेखी तपासणी अहवाल घ्या. तो येईपर्यंत वायरींना हात लावू देऊ नका, आणि गाडी रस्त्यावर काढू नका.

नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत करायचा असतो. म्हणजे तुमच्या हातात साधारण तीन महिने आहेत. सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे गाडी पुन्हा ऑटोमॅटिक करणं. जुना गिअरबॉक्स दुरुस्त होत असेल, किंवा त्याच आवृत्तीचा मिळत असेल, तर मी आणखी कुठला सल्लाच देणार नाही. ते अशक्य असेल, तर अधिकृत विक्रेत्यामार्फत उत्पादकाकडून लेखी घ्या की या इंजिनाला हा मॅन्युअल गिअरबॉक्स त्यांनीच बसवून विकला होता. वायरिंग मॅन्युअल आवृत्तीसारखं पूर्ण करून घ्या, बिलं जोडा आणि नोंदणी प्राधिकाऱ्याकडे बदलाची नोंद करण्यासाठी अर्ज द्या. बदल आधीच झाला आहे हे अर्जात मान्य करा. दंडाची शक्यता त्यात आहे, पण तपासणीत पकडलं जाण्यापेक्षा ते बरं. माझा अंदाज विचाराल तर २०१९ च्या निकालानंतर होकारापेक्षा नकाराची शक्यता जास्त. नकार तोंडी स्वीकारू नका. लेखी आदेश मागा, कारण मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५७ खालचं अपील तो आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत करावं लागतं.

गाडी विकून मोकळं व्हायचा विचार तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिला आहे. विकता येईल, पण करारात बदल लिहून. आरसीवर एटी दाखवून मॅन्युअल गाडी दिली, तर माल वर्णनाबरहुकूम नाही म्हणून घेणारा माल विक्री अधिनियम, १९३० च्या आधारे पैसे परत मागू शकतो.

निकामी झालेला मूळ गिअरबॉक्स अजून त्या मेकॅनिकच्याच गॅरेजमध्ये पडून आहे असं दिसतं. उद्याच जाऊन तो ताब्यात घ्या आणि घेतल्याची पावती त्याच्याच बिलबुकावर लिहून घ्या. गाडी पूर्ववत करायची झाली तर तो लागेल, आणि आयोगापुढे पुरावा म्हणूनही लागेल.