युरोपातल्या ग्राहकांसाठी 'करार रद्द करा' बटण: कोल्हापुरातून माल पाठवणाऱ्या छोट्या दुकानानं काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात चपला आणि चामड्याच्या पिशव्या बनवून तुम्ही त्या स्वतःच्या वेबसाइटवरून जर्मनी, नेदरलँड्स आणि फ्रान्समध्ये विकता. १९ जून २०२६ पासून युरोपातल्या ग्राहकांना 'रद्द करा' असं बटण द्यावं लागणार, असं तुमच्या कानावर आलं. ते तुम्हाला लागू आहे का, आणि वेबसाइट एकटा भाऊ सांभाळत असेल तर नेमकं करायचं काय?

मी जर्मनीत राहतो आणि छोट्या ऑनलाइन दुकानांच्या वेबसाइट सांभाळणं हेच माझं रोजचं काम आहे. वकील नाही, त्यामुळे शेवटचा मजकूर त्या देशातल्या वकिलाकडून तपासून घ्या. पण गेले काही महिने माझ्या टेबलावर हाच विषय आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी लागू होण्याचं. वेबसाइट युरोपात उघडते एवढ्यानं नियम लागत नाही. तुम्ही तिथल्या ग्राहकाकडे मुद्दाम वळला आहात का, हे पाहिलं जातं. युरोपीय न्यायालयानं डिसेंबर २०१० मध्ये 'पामर' आणि 'हॉटेल आल्पेनहोफ' या जोडप्रकरणात त्याच्या खुणा सांगितल्या: तिथली भाषा, तिथलं चलन, वेबसाइटच्या पत्त्याला तिथली शेपटी (जर्मनीसाठी .de), परदेशी गिऱ्हाइकांचा उल्लेख, असं बरंच काही. तुम्ही किमती युरोमध्ये दाखवता, जर्मन भाषेत पान आहे आणि डिलिव्हरीच्या यादीत ते देश आहेत. मग 'आम्ही तर भारतातले' हे म्हणणं टिकणार नाही. दुकान लहान आहे म्हणून सवलतही नाही. मात्र बर्लिनमधला एखादा दुकानदार विक्रीसाठी ठोक माल घेत असेल, तर तो ग्राहक नव्हे. हे बटण त्याच्यासाठी नाही. ब्रिटन युरोपीय संघाबाहेर आहे, त्याचे नियम वेगळे.

आता मूळ गोष्ट. ऑनलाइन घेतलेली वस्तू हातात पडल्यापासून १४ दिवसांत कारण न देता करारातून माघार घ्यायची, हा हक्क तिथे नवा नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशात (निर्देश म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा नियम) तो आहेच. जर्मनीत त्याला 'विडररूफ' म्हणतात. नवं काय, तर २०२३ च्या निर्देशानं (क्रमांक २०२३/२६७३) त्यात एक कलम घातलं: वेबसाइटवर करार होत असेल तर माघारही वेबसाइटवरूनच घेता आली पाहिजे. गंमत अशी की हा निर्देश मुळात कर्ज, विमा यांसारख्या वित्तीय सेवांच्या दूरविक्रीसाठी आला. म्हणून पुष्कळ दुकानदारांनी तो आपला नाही असं समजून वाचलाच नाही. बटणाचं कलम मात्र चपलांनाही आहे, लोकरीलाही आहे आणि योगाच्या ऑनलाइन शिकवणीलाही आहे.

या कलमाबद्दल मला मनापासून आस्था आहे, त्याला एक कारण आहे. जर्मनीत नवीन आलो तेव्हा एका दुकानातून दिवा मागवला. तो खोलीला फारच मोठा निघाला. परत करायचा होता, पण वेबसाइटवर फक्त एक फोन नंबर होता आणि तो कामाच्या वेळातच लागायचा. माझं जर्मन जेमतेम. धीर गोळा करून फोन केला तोवर पंधरावा दिवस उजाडला होता. साधी ईमेल पुरली असती हे मला कुणी सांगितलं नाही, आणि दुकानानं तर नाहीच नाही. पैसे सोडून दिले. घेताना एक टिचकी आणि सोडताना वणवण, हा व्यवहार मला तेव्हाही खटकला होता.

बटणाची रचना कलमात बरीच नेमकी सांगितली आहे. वेबसाइटवर ठळक, सहज सापडेल अशा जागी 'इथे करारातून माघार घ्या' या अर्थाचे शब्द हवेत. जर्मन पानावर 'फेरट्राग विडररूफेन'. 'मदत', 'संपर्क', 'परतावा केंद्र' असले मोघम शब्द चालणार नाहीत. ते दाबल्यावर एक छोटा फॉर्म उघडतो आणि त्यात तीनच गोष्टी: नाव, कुठली ऑर्डर, आणि पोच कुठे पाठवायची तो ईमेल पत्ता. मग दुसरं बटण, ज्यावर फक्त 'माघार नक्की करा' या अर्थाचे शब्द. ते दाबलं की तुमच्याकडून विनाविलंब पोच गेली पाहिजे. त्या पोचेत ग्राहकानं काय लिहिलं ते आणि तारीख-वेळ हवी, आणि ती ग्राहकाला जपून ठेवता येईल अशा रूपात हवी. ईमेल चालते.

वाचताना हे दुपारभराचं काम वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं.

आमच्या गावातल्या एका बाईंचं विणकामाच्या लोकरीचं दुकान आहे. त्यांच्या वेबसाइटवर आम्ही ही सोय बसवली ती आधीपासून असलेल्या माल-परतीच्या प्लगइनला (वेबसाइटला जोडायच्या तयार सॉफ्टवेअरला) जोडून. बटण छान दिसलं, फॉर्म चालला. चाचणी म्हणून मी स्वतः एक ऑर्डर मागे घेतली, तर उत्तर आलं: 'तुमची विनंती मिळाली. तीन कामकाजी दिवसांत निर्णय कळवू.' आत प्लगइनमध्ये तीन कप्पे होते: प्रलंबित, मंजूर, नामंजूर. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही सगळंच उलटं बांधलं आहे. ग्राहक विनंती करतच नाही, तो कळवतो. त्यानं कळवलं की माघार झाली, तुमच्या 'मंजूर'ची तिला गरज नाही. आपल्याकडे टपालात पोचपावती असते ना, तशी ही पोच: पत्र मिळालं एवढंच ती सांगते. पत्रातलं पटलं की नाही, हा तिचा विषय नाही.

तुम्हाला एकच गोष्ट सांगायची असेल तर मी हीच सांगेन, कारण बाकी सगळं तिच्यातून निघतं. 'रिटर्न रिक्वेस्ट' हे शब्द वेबसाइटवरून, ईमेलच्या नमुन्यांतून आणि भावाच्या डोक्यातूनही काढून टाका. कारण विचारणारा रकाना सक्तीचा ठेवू नका. वस्तूचा फोटो मागू नका. 'रद्द करण्याऐवजी दहा टक्के सूट घ्या' असली खिडकी मध्ये आडवी घालू नका. आणि लॉगिन मागू नका, कारण तुमच्याकडे खातं न उघडताही खरेदी होते. त्या माणसानं लॉगिन करायचं कुठून? जर्मनीत १ जुलै २०२२ पासून वर्गणीचे करार संपवण्यासाठी असंच एक वेगळं बटण सक्तीचं आहे. तिथे काही कंपन्यांनी ते लॉगिनच्या आड ठेवलं. ग्राहक संघटना न्यायालयात गेल्या आणि न्यायालयांनी ते अमान्य केलं. तीच चूक नव्या बटणात करायला नको. ग्राहक आधीच लॉगिन करून बसला असेल तर त्याचं नाव आणि ऑर्डर फॉर्ममध्ये आपोआप भरून द्या, म्हणजे त्याला पुन्हा लिहावं लागणार नाही.

बटण किती दिवस दिसायला हवं? त्या ग्राहकाची मुदत संपेपर्यंत, अखंड. मुदत मात्र ऑर्डरच्या दिवसापासून मोजत नाहीत. पार्सल हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. १ जुलैला पार्सल मिळालं तर १५ जुलैचा दिवस संपेपर्यंत. एका ऑर्डरमधल्या वस्तू वेगवेगळ्या आल्या तर शेवटची वस्तू पोचल्यापासून. कोल्हापूरहून निघालेलं पार्सल कधी पोचलं हे तुमच्या वेबसाइटला कळतं का? बहुधा नाही. म्हणून प्रत्येकाची मुदत मोजून बटण दाखवण्या-लपवण्याच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक पानाच्या तळाशी ते कायम ठेवा. मुदतीनंतर कुणी दाबलं तरी पोच जाऊ द्या, आणि मुदत संपल्याचं वेगळ्या ईमेलनं नम्रपणे कळवा.

इथे तुमच्या बाबतीत एक खास अडचण आहे: घड्याळ. जर्मनीतल्या ग्राहकानं उन्हाळ्यात शेवटच्या रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी बटण दाबलं, तर कोल्हापुरात दुसऱ्या दिवसाची पहाटेची ३:२० झालेली असते. तुमची वेबसाइट भारतीय वेळेवर लावलेली असेल तर पोचेत दुसरी तारीख पडेल आणि भाऊ 'उशीर झाला' म्हणून मोकळा होईल. मुदतीच्या आत पाठवलं की पुरे, असं कलम सांगते. ग्राहकाच्या देशाची वेळ पोचेत छापा.

आता तुमच्या मालाबद्दल. मापानुसार बनवलेल्या वस्तूंना हा हक्क नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे, पण जपून वापरा. यादीतून '४२ नंबर, तपकिरी' निवडला तर ती मापानुसार बनवलेली चप्पल होत नाही, मग ऑर्डर आल्यावर कारागिरानं ती नव्यानं का शिवलेली असेना. ग्राहकानं कागदावर पाऊल आखून पाठवलं आणि त्या पावलावर तुम्ही चप्पल बांधली, किंवा पिशवीवर त्याचं नाव कोरलं, तर अपवाद लागतो. अशा ऑर्डरला अपवाद काम सुरू होण्याआधीपासून लागतो, असा निकाल युरोपीय न्यायालयानं २०२० मध्ये एका बसवून द्यायच्या स्वयंपाकघराच्या प्रकरणात दिला. तेव्हा या दोन तऱ्हा वेबसाइटवर वेगळ्या ठेवा आणि 'या वस्तूला माघारीचा हक्क नाही' हे खरेदीपूर्वी स्पष्ट लिहा.

'पायात घातली म्हणजे आरोग्याच्या कारणानं परत नाही' हा युक्तिवादही करू नका. एका गादीच्या प्रकरणात ग्राहकानं वरचं प्लास्टिक काढलं होतं, तरी हक्क शाबूत असं २०१९ मध्ये ठरलं: दुकानदाराला ती स्वच्छ करून पुन्हा विकता येते, कपड्यांसारखी. घरात चार पावलं टाकून पाहणं चालतं. महिनाभर रस्त्यावर घासल्यासारखी परत आली, तर किंमत जितकी उतरली तितकं कापता येतं.

पैशांचं गणित आत्ताच मांडून ठेवा, कारण खरी झळ तिथे बसते. माघार कळल्यापासून १४ दिवसांत पैसे परत, ज्या मार्गानं आले त्याच मार्गानं. ग्राहक स्पष्ट तयार नसेल तर कूपन चालत नाही. माल हाती येईपर्यंत किंवा पाठवल्याचा पुरावा मिळेपर्यंत रक्कम रोखता येते. पाठवताना घेतलेला साध्या डिलिव्हरीचा आकारही परत द्यावा लागतो. ग्राहकानं जलद डिलिव्हरी निवडली असेल तर वरचा फरक तुमचा. परत पाठवण्याचा खर्च ग्राहकाचा, पण हे तुम्ही आधी सांगितलं असेल तरच. नाही तर तोही तुमच्या माथी. जर्मनीहून कोल्हापूरला एक जोड पाठवायचा म्हटलं तर कधी कधी चपलेपेक्षा टपाल महाग. म्हणून माझा आग्रह आहे की युरोपातच परतीचा एक पत्ता उभा करा. ओळखीचं कुणी नसेल तर असं काम करणारी गोदामं आहेत. माल तिथेच साठेल आणि पुढच्या ग्राहकाला तिथूनच जाईल. कोल्हापूरपर्यंत आणायचाच असेल तर परत येणाऱ्या मालाची कागदपत्रं तुमच्या कस्टम एजंटला आजच विचारा.

अटींचं पानही बदलायला लागेल. बटण आहे आणि ते कुठे आहे, हे माघारीच्या माहितीत लिहावं लागतं. जुना नमुना तसाच ठेवू नका. माघारीच्या हक्काची माहितीच दिली नाही तर १४ दिवसांची मुदत आणखी १२ महिन्यांनी लांबते, हा जुना नियम आहे आणि तो फार महागात पडतो. त्याच पानावर युरोपीय ऑनलाइन तंटा मंचाची लिंक असेल तर काढून टाका. तो मंच २० जुलै २०२५ ला बंद झाला. जर्मनीत अशा चुका प्रतिस्पर्धी शोधतात आणि वकिलामार्फत 'आबमानुंग' म्हणजे ताकीदपत्र पाठवतात, वकिलाच्या बिलासकट.

बटण आलं म्हणून ईमेलनं, पत्रानं किंवा ठरावीक फॉर्म भरून घेतलेली माघार बाद होत नाही. ते मार्ग चालूच राहतात, तेव्हा इनबॉक्सवरही लक्ष हवं. एखाद्या मोठ्या बाजार-वेबसाइटवरूनही विकत असाल तर तिथलं बटण तिच्या हातात आहे, पण जबाबदारी विक्रेत्यावर टाकलेली आहे. त्यांनी काय केलंय ते स्वतः खरेदी करून पाहा. एका ऑर्डरमधली एकच वस्तू मागे घेण्याची सोय कायद्यानं सक्तीची नाही, तरी फॉर्ममध्ये द्या. नाही तर तीन जोड घेतलेला माणूस एका जोडासाठी तिन्ही परत करेल.

सुरुवात भावाला उद्याच करता येईल. युरोपातल्या एखाद्या मित्राला तुमच्या वेबसाइटवरून खातं न उघडता एक जोड मागवायला सांगा, आणि मग मोबाइलवरून तो मागे घ्यायला सांगा. तुम्ही काहीही समजावून सांगू नका. त्याला बटण किती वेळात सापडलं, पोच स्पॅममध्ये गेली का, आणि तिच्यात 'विनंती' हा शब्द अजून कुठे उरलाय का, हे त्याला विचारा. उत्तरं इथे खाली लिहिलीत तर पुढचं सांगतो.