वाचकांचे प्रश्न : ऑनर्सचं चौथं वर्ष करावं का?

नव्या शैक्षणिक धोरणाची पदवी राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ ला आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ ला सुरू झाली. म्हणजे स्वायत्तमधली पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये चौथ्या वर्षाच्या दारात येते आणि बाकीच्यांची त्याच्या पुढच्या वर्षी. त्यामुळे या वेळच्या टपालात बहुतेक प्रश्न ऑनर्सचेच, म्हणजे चार वर्षांच्या पदवीचेच आहेत.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात एसवायबीएस्सीला आहे, मेजर, म्हणजे मुख्य विषय, रसायनशास्त्र. घरचे म्हणतात, तीन वर्षांत डिग्री घे आणि एमएस्सीला जा. आमचे सर म्हणतात, ऑनर्स कर. माझं वर्ष वाया जाईल का?

उत्तर : वर्षांचा हिशेब आधी मांडू. तीन वर्षांच्या पदवीनंतर एमएस्सी दोन वर्षांची, चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाची. दोन्हीकडे पाचच वर्षं. आपल्या राज्याच्या आराखड्यात दर सेमिस्टरला २२ क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं माप) धरली आहेत. तीन वर्षांची १३२, चार वर्षांची १७६.

आता चौथ्या वर्षात काय शिकवतात ते बघा. साध्या, म्हणजे संशोधन प्रकल्प नसलेल्या, ऑनर्सच्या सातव्या सेमिस्टरला मेजरची १४, मेजरमधल्याच ऐच्छिक विषयाची ४ आणि संशोधन पद्धतीची ४ क्रेडिट. आठव्यात संशोधन पद्धतीच्या जागी ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव, ४ क्रेडिटचा आणि किमान १२० तासांचा. हीच रचना दोन वर्षांच्या एमएस्सीच्या पहिल्या वर्षाची आहे. थोडक्यात, साधं ऑनर्स म्हणजे एमएस्सीचा भाग एक तुमच्याच कॉलेजात. तेव्हा ऑनर्स भारी की एमएस्सी, हा वाद सोडून द्या. चौथं वर्ष कुठे आणि कोणाच्या हाताखाली काढायचं, एवढंच ठरवायचं आहे. कॉलेजची प्रयोगशाळा आणि शिक्षक दमदार असतील तर थांबावं. मेजरचे तास घड्याळी तासिकेच्या शिक्षकांवर चालत असतील आणि उपकरणं धूळ खात असतील, तर तीन वर्षांची पदवी घेऊन चांगल्या विभागात एमएस्सीला जाणं केव्हाही बरं. तिथे पहिल्या वर्षानंतर थांबावं लागलं तरी पदव्युत्तर पदविका हातात येते.

एक सापळा मात्र नीट समजून घ्या. ‘चार अधिक एक’ हे गणित एक वर्षाची एमएस्सी तुम्हाला हव्या त्या ठिकाणी असेल तरच जमतं, आणि ती ठेवायची की नाही हे संस्था ठरवते. आयआयटी जॅम देऊन दोन वर्षांच्या एमएस्सीला जायचं असेल, तर ती परीक्षा तीन वर्षांच्या पदवीवर देता येते. चौथं वर्ष करून पुन्हा दोन वर्षांच्या एमएस्सीला बसलात तर पाचाची सहा वर्षं होतात. जॅमचा विचार असेल तर टीवायलाच परीक्षा द्या आणि निकाल बघून ठरवा.

एमपीएससी-यूपीएससीसाठी कोणतीही मान्य पदवी चालते. तिथे ऑनर्सचे जादा गुण नाहीत. उलट अमेरिकेत पुढे शिकायचं असेल तर सोळा वर्षांचं शिक्षण मागणारी विद्यापीठं बरीच आहेत, आणि तिथे चार वर्षांची पदवी सरळ बसते.

प्रश्न : संशोधन प्रकल्पाच्या ‘ऑनर्स विथ रिसर्च’ला ७५ टक्के लागतात म्हणे. ते फक्त मेजरचे की सगळ्या विषयांचे? माझा चार सेमिस्टरनंतरचा सीजीपीए (दहापैकी सरासरी श्रेणीगुण) ७.२ आहे. आशा धरावी का?

उत्तर : सगळ्यांचे, पहिल्या सहा सेमिस्टरचे मिळून. म्हणून एफवायला ओई (ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय), मूल्यशिक्षण, भाषा असे दोन-दोन क्रेडिटचे विषय ‘पास झालं की बास’ म्हणून सोडलेले असतात, ते इथे अंगावर येतात. असे पाच विषय म्हणजे दहा क्रेडिट. एका सेमिस्टरचा जवळपास निम्मा भार.

तुमचा हिशेब करून दाखवतो. ७५ टक्के म्हणजे ७.५ सीजीपीए धरू. सहा सेमिस्टरची १३२ क्रेडिट गुणिले ७.५ म्हणजे ९९०. तुमच्याकडे ८८ क्रेडिट गुणिले ७.२, म्हणजे ६३३.६ जमा आहेत. उरले ३५६.४, आणि ते ४४ क्रेडिटमध्ये मिळवायचे. भागाकार येतो ८.१. म्हणजे पाचव्या-सहाव्या सेमिस्टरला सरासरी ८.१ हवा. अवघड आहे, पण आवाक्यातलं आहे, कारण टीवायला बहुतेक क्रेडिट तुमच्या मेजरचीच असतात. हाच सीजीपीए ६.८ असता तर दोन्ही सेमिस्टरला ८.९ लागला असता. त्या मुलाने साध्या ऑनर्सचा किंवा एमएस्सीचाच विचार करावा. त्याला ७५ साठी धावायला लावणं अन्यायाचं आहे.

सीजीपीएचे टक्के करायचं सूत्र सगळीकडे सारखं नाही. कुठे सरळ दहाने गुणतात, कुठे आधी ०.७५ वजा करून मग दहाने गुणतात. दुसऱ्या सूत्राने ७५ टक्क्यांना ८.२५ सीजीपीए लागतो. तुमच्या गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला सूत्र छापलंय का बघा. नसेल तर परीक्षा विभागाकडून लेखी घ्या.

आणि एक गैरसमज. थेट पीएचडीच्या प्रवेशासाठी यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत चार वर्षांच्या पदवीला एकूण ७५ टक्के मागितले आहेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना त्यात पाच टक्के सवलत मिळते. पदवीवर ‘विथ रिसर्च’ हवंच असं त्यात नाही. ७५ हुकले तरी पीएचडी हुकत नाही. एमएस्सीनंतर त्यासाठी ५५ टक्के पुरतात. सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर पदव्युत्तर पदवी लागेलच, त्यामुळे एमएस्सीला कायमचा रामराम ठोकू नका.

प्रश्न : आमच्या कॉलेजने ‘रिसर्च’ सुरू करायचं जाहीर केलं आहे. गाईड आणि विषय कसा निवडावा?

उत्तर : आधी विभागाकडे बघा. यूजीसीच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम शिक्षक हवेत. विभागप्रमुखांना सरळ विचारा : दोन्ही नावं कोणती, त्यांच्याकडे सध्या किती पीएचडीचे विद्यार्थी आहेत, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांचं काय छापून आलं. यात उद्धटपणा काही नाही. वर्षभर ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्यांची माहिती विचारायलाच हवी.

संशोधन प्रकल्प सातव्या सेमिस्टरला ४ आणि आठव्याला ८, असा १२ क्रेडिटचा असतो. त्याच्या बदल्यात मेजरची क्रेडिट दर सेमिस्टरला १४ ऐवजी १० होतात आणि ओजेटी नसतो. क्रेडिटला तीस तास धरले तरी हे ३६० तासांचं काम आहे. ऐकायला भरपूर वाटतं, पण प्रकल्प रखडतात ते बहुधा विषय उशिरा ठरल्यामुळे. एक उदाहरण घ्या. एखाद्या रानभाजीच्या अर्काचा जिवाणूंवर परिणाम तपासायचा, असा विषय सप्टेंबरात ठरला. टाकळा किंवा कुर्डू कोवळा मिळतो तो पावसाळ्याच्या सुरुवातीला. सप्टेंबरात झाड जून होऊन फुला-शेंगांवर आलेलं असतं, मग कोवळ्या पाल्यासाठी पुढच्या पावसाची वाट बघावी लागते आणि तोवर आठवं सेमिस्टर संपलेलं असतं. म्हणून सहाव्या सेमिस्टरच्या परीक्षेआधीच गाईडशी बोला. मेमध्ये वाचन करा, जूनमध्ये नमुने गोळा करा.

कला शाखेतही हेच. पेशवे दप्तरातल्या कागदांवर काम करायचं म्हटलं तर बहुतेक कागद मोडीत आहेत. मोडी वाचता येत नसेल तर अख्खं सेमिस्टर लिपी शिकण्यातच जातं. मोडी टीवायच्या सुट्टीत शिकून घ्या, नाहीतर छापील साधनांवरचा विषय निवडा.

विषय ठरवताना एका पानावर चार गोष्टी लिहून गाईडना द्या : प्रश्न काय, सामग्री कुठून येणार, कोणतं उपकरण किंवा परवानगी लागणार, आणि बाहेरच्या चाचणीचा खर्च कोण करणार. एनएमआरसारख्या चाचण्यांसाठी नमुने बाहेर पाठवावे लागतात, तिथे रांग असते आणि पैसे लागतात. चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘बघू नंतर’ असेल तर विषय बदला. आणि लिखाण स्वतःचंच ठेवा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण दहा ते चाळीसच्या पट्ट्यात प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो. तेवढ्यात पुढच्या प्रवेशाची तारीख उलटून जाऊ शकते.

प्रश्न : माझा भाऊ दिल्ली विद्यापीठात तीन वर्षांत ‘बीए ऑनर्स’ होतो. मग आम्हाला चार वर्षं का?

उत्तर : दिल्लीत एका विषयाच्या सखोल पदवीला पूर्वीपासून ऑनर्स म्हणतात आणि ते नाव त्यांनी तीन वर्षांच्या पदवीलाही ठेवलं आहे. तिथेही चौथं वर्ष वेगळं आहेच. आपल्याकडे ऑनर्स चार वर्षांनंतरच लागतं. नोकरीच्या अर्जात किंवा पीएचडीला वर्षं आणि टक्के बघतात, त्यामुळे भावाशी तुलना करून वाईट वाटून घेऊ नका.

प्रश्न : मुलगा इंजिनीअरिंगला आहे. त्याच्या बी.टेक. ऑनर्सला तर जादा वर्ष नाही. हे वेगळं आहे का?

उत्तर : हो, पूर्ण वेगळं. तिथे चार वर्षांतच, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षापासून, नेहमीच्या अभ्यासाखेरीज १८ ते २० क्रेडिट जादा करायची असतात. आपल्याच शाखेत खोलवर गेलं तर ऑनर्स, दुसऱ्या शाखेतले विषय घेतले तर मायनर. बऱ्याच ठिकाणी ही क्रेडिट एनपीटीईएलवरून, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या मंचावरून, घेता येतात. बारा आठवड्यांच्या कोर्सला साधारण ३ क्रेडिट धरली तर सहा कोर्स होतात. प्रवेश फुकट आहे, परीक्षेची फी वेगळी. गृहपाठाला २५ आणि केंद्रावरच्या परीक्षेला ७५ गुण. प्रमाणपत्रासाठी गृहपाठात २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० लागतात, दोन्ही वेगवेगळे. चूक होते ती इथेच : मुलं गृहपाठाच्या साप्ताहिक मुदती चुकवतात आणि परीक्षेला चांगले गुण मिळूनही प्रमाणपत्र हुकतं. त्याला केटी असेल तर आधी ती सोडवायला सांगा. कॅम्पसला पहिली चाळणी सीजीपीए आणि केटीची लागते.

प्रश्न : आमच्या कॉलेजात चौथं वर्ष नाहीच. दुसऱ्या कॉलेजात जायचं तर काय लागेल?

उत्तर : आधी डिजिलॉकरमधून एबीसी, म्हणजे क्रेडिट बँकेचं, खातं उघडून सहाही सेमिस्टरची क्रेडिट जमा दिसतात का ते पाहा. न दिसण्याचं नेहमीचं कारण नावातला फरक. आधारवर ‘नाव, वडिलांचं नाव, आडनाव’ आणि गुणपत्रिकेवर आडनाव आधी, शेवटी आईचं नाव. जन्मतारीख किंवा स्पेलिंग चुकलं असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे पाचव्या सेमिस्टरलाच करून टाका. त्याच विद्यापीठातलं कॉलेज असेल तर कॉलेज सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका बहुधा पुरतात. विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि नव्या विद्यापीठाची पात्रता लागते. मेजर तोच आहे ना, आणि त्याची क्रेडिट नव्या ठिकाणी पूर्ण धरतात का, हेही विचारा.

फी भरण्याआधी चौथ्या वर्षाची तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, ते लेखी घ्या. शिष्यवृत्ती मिळत असेल तर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या यादीत त्या कॉलेजच्या नावापुढे हा अभ्यासक्रम दिसतो का, हे पोर्टलवर स्वतः तपासा. यादीत नसेल तर अर्जच भरता येत नाही, आणि ते प्रवेशानंतर कळलं तर पूर्ण फी खिशातून जाते.