ग्रीन बेल्टकडे वळण्यापूर्वी

रबाळे किंवा महापे येथील कारखान्यात नुकतेच रुजू झालेल्या अभियंत्याला सिक्स सिग्माचा, म्हणजे मोजमापांच्या आधारे कामातील दोष कमी करण्याच्या पद्धतीचा, बेल्ट लवकर मिळवावासा वाटणे स्वाभाविक आहे. तथापि हे बेल्ट म्हणजे हुद्दे नव्हेत, सुधारणा प्रकल्पात कोणी कोणते काम करायचे याची ती वाटणी आहे. यलो बेल्टधारक आपल्या विभागाची माहिती गोळा करून प्रकल्पाला मदत करतो. ग्रीन बेल्टधारक नेहमीचे काम सांभाळून लहान प्रकल्प चालवतो, आणि खरी ओढाताण इथेच होते, कारण उत्पादनाचे टार्गेट गाठायचे की मोजमापे घ्यायची, हा प्रश्न महिनाअखेरीस हमखास उभा राहतो. म्हणून वेळ, माणसे आणि निधी मंजूर करू शकणारा वरिष्ठ अधिकारी, ज्याला चॅम्पियन म्हणतात, तो कोण हे आधी लेखी ठरवून घ्यावे. असा अधिकारी मिळत नसेल तर माझ्या मते प्रकल्प सुरूच करू नये. ब्लॅक बेल्टधारक बहुधा पूर्णवेळ हेच काम करतो आणि मास्टर ब्लॅक बेल्टधारक त्याला मार्गदर्शन करतो.

सिक्स सिग्मा ही पद्धत १९८६ साली मोटोरोला कंपनीत सुरू झाली, परंतु प्रमाणपत्र देणारी सर्वमान्य अशी एकच संस्था आजही नाही. अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटी ब्लॅक बेल्टसाठी पूर्ण केलेल्या प्रकल्पाचा पुरावा मागते, तर काही प्रशिक्षण वर्ग केवळ हजेरीवर प्रमाणपत्र देतात. शुल्क भरण्यापूर्वी हा फरक तपासावा. तूर्त आपल्याच लाइनवरील एक दोष निवडून त्याची पाळीनिहाय नोंद ठेवा आणि ती घेऊन कंपनीतील ब्लॅक बेल्टधारकाला भेटा.